आधी कोण बोलणार

वलवणच्या धरणाखालच्या त्या घरात दोन माणसं आणि एक शेळी राहायची. बोलणं मात्र सगळं शेळीशीच चालायचं.

"बांडे, तुज्या मालकाला सांग, भाकर निवतीय," सरूबाई म्हणायची.

"बांडे, तिला सांग, आलो," म्हणत तिचा मुलगा सीताराम ताटावर बसायचा.

त्याचे वडील, केरबा, गेले तेव्हा तो पुण्याला संगणकापाशी होता. निरोप उशिरा पोचला. तो आला तोवर चिता विझली होती. "तुला यंत्रच बाप," एवढंच आई म्हणाली, आणि अबोला धरला. तिला वाटे, आधी यानं बोलावं. त्याला वाटे, आधी तिनं.

त्याचं काम गावात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तो लिहीत होता. प्रोग्राममध्ये 'क्लास' नावाचे गट असत. प्रोग्राम चालताना ज्या क्लासचं पहिल्यांदा काम पडे, तो तेव्हाच आपली मूल्यं भरून तयार होई. पण दोन क्लास एकमेकांवर विसंबले की पंचाईत. पहिला तयार होता होता दुसऱ्याला जागं करी, आणि दुसरा पहिल्याकडे जे मागे, ते अजून भरलेलंच नसे. त्याला शून्य मिळे. यंत्र तक्रार न करता ते शून्य घेऊन पुढे जाई. म्हणून प्रोग्राममधल्या प्रत्येक वाटेनं आधीच जाऊन, कुठे रिकामी जागा वाचली जाते, ते हेरायला त्याला कंपायलरला शिकवायचं होतं. ओट्यावर कागद पसरून तो बोटानं त्या वाटा चालायचा.

ते जमलं, आणि त्यावर हैदराबादची नोकरी मिळाली. आज दुपारी गाडी होती. आईला अजून सांगायचं होतं, आणि बांडी चरायला गेलेली.

तो चुलीपाशी गेला. चाहूल लागताच भाकरी थापणारा तिचा हात थांबला. रोजच थांबत असावा. त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"आये."

"बोल की रं."

"हैदराबादेला चाललोय. नोकरीला."

"कवा?"

"आज."

तव्यावरची भाकरी करपली. ती तिनं उलटली नाही.

"आज तोंड उगडलंस, ते जायाचं सांगाया व्हय?"

तिनं दुसरी भाकरी फडक्यात बांधून दिली.

स्टेशनच्या वाटेवर त्यानं वळून पाहिलं. आई बांधावर उभी राहून काहीतरी बोलत होती. ऐकायला तिथं चरणारी बांडीच होती.