आमच्या वाट्याचा अर्धा तास

"कोच आला!"

एवढं ओरडून मास्तर हातातलं एकांकिकेचं पुस्तक खिडकीबाहेर भिरकावत. खिडकीखाली बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. शाळेचा शिपाई काटे चुकवत पुस्तक सोडवून आणी, झटकून टेबलावर ठेवी आणि गंभीरपणे म्हणे, "मास्तरसाब, ह्यात कोच न्हाई. नुसत्या खुर्च्या हायत." की पुस्तक पुन्हा बाहेर!

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्या हायस्कूलांची नाट्यस्पर्धा परभणीला नुकतीच भरू लागली होती, आणि पूर्णा जंक्शनजवळच्या आमच्या शाळेत नाटक निवडायचं काम या गणिताच्या मास्तरांकडे होतं. छापील एकांकिका पुण्या-मुंबईहून येत. त्यांत पडदा उघडला की दिवाणखाना, दिवाणखान्यात कोच, आणि कोचावर चहा पीत बसलेले कुणी रावसाहेब. मास्तरांचा जन्म मेंढपाळाच्या घरातला. त्यांचा चेहरा लालभडक होई. "आमच्या पोरांनी कोच बघितलाय का कधी? पहिली दहा मिनटं तर ते त्याच्यावर उड्याच मारतील!"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा राग आपल्याला करमणूक वाटतो. मला वाटायचा. मी नगरकडून आलेला मराठीचा तरुण शिक्षक. ते मला "पाव्हणे" म्हणत. मी मुद्दाम नवं पुस्तक आणून त्यांच्यापुढे सरकवायचो आणि मागे सरून बसायचो, नाटकाला पहिली रांग मिळावी तसा.

एके दिवशी ते ओरडले नाहीत. पिशवीतून एक वही काढून म्हणाले, "पाव्हणे, मीच लिहिलंय. पर तुमाला वाचता यायचं न्हाई."

वही उर्दू लिपीत होती. नाटक मराठी, अक्षरं उर्दू! त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. देवनागरी ते चाचपडत वाचत. ते वाचून दाखवत आणि मी उतरवून घेई, असं पंधरा दिवस चाललं. गोष्ट साधी होती. मुलगा रेल्वेत चिकटायचं म्हणून मेंढरं विकायला निघालाय आणि म्हातारी वाट अडवून बसलीय. म्हातारी म्हणजे त्यांची माय. ती दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिचं वाक्य वाचताना ते डोळे मिटत, मान तिरकी करत आणि तिच्याच आवाजात बोलत. "मेंढरू इकायलास तर इक बाबा, पर त्याच्याम्होरं भाव करू नको. त्याला समजतंय."

आता माझा पराक्रम ऐका. स्पर्धेला मंजुरीसाठी नाटकाची प्रत पाठवायची होती. सुवाच्य प्रत करताना मी ती भाषा सुधारली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मराठीचा शिक्षक ना मी! म्हातारी आता म्हणत होती, "मेंढी विकायची असेल तर वीक, परंतु तिच्यासमक्ष सौदा करू नकोस. तिला सारे कळते." मास्तरांना न दाखवता मी ती टपालात टाकली. मंजुरी आली, वर शेराही होता: भाषा निर्दोष. मी ते पत्र सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं.

मुलांनी नाटक तोपर्यंत मास्तरांच्या तोंडून ऐकून पाठ केलं होतं. मंजूर प्रत मी त्यांच्यापुढे वाचली तेव्हा मुलं हसली. मास्तर हसले नाहीत. आपल्या वहीचं पान उलटायचं थांबवून म्हणाले, "पाव्हणे, ही कोण बाई हाय?"

"मास्तरसाब, तुमची म्हातारीच. जरा शुद्ध..."

"माझी माय मेली तवा मी रडलो न्हाई," ते म्हणाले. "आज तुमी मारलीत तिला."

ते परभणीला स्पर्धेच्या चिटणिसांकडे गेले. मीही मागोमाग गेलो. चिटणीस सुपारी कातरत म्हणाले, "मंजूर प्रतीतला शब्द बदलता येणार नाही. आणि ही मेंढरांची भाषा व्यासपीठावर? सरकारी पाहुणे येणार आहेत."

"मंग त्यांनी मेंढरं खाऊ नयेत!" मास्तर गरजले आणि बाहेर पडले. मी हसलो नाही. पहिल्यांदाच त्यांचा राग मला करमणूक वाटला नाही. चिटणिसांचा अडकित्ता हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण ती प्रत त्यांनी नव्हे, मी केली होती.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी आमच्या शाळेचं नाव पुकारलं. पडदा वर गेला. मास्तर आत आले, मागे वेशभूषा केलेली पाच मुलं, त्यातलं एक लुगड्यात. सगळे एका रांगेत मांडी घालून बसले. मास्तर म्हणाले, "ज्या नाटकाला मंजुरी हाय ते आमचं न्हाई. जे आमचं हाय त्याला मंजुरी न्हाई. अर्धा तास मात्र आमचा हाय. आमी बसणार."

"पडदा टाका!" चिटणीस ओरडले.

"टाकून बघा!"

कुणी टाकला नाही. अर्धा तास! लुगड्यातल्या पोरानं जांभई दिली, प्रेक्षक हसले, मग शिट्ट्या झाल्या, मग हळूहळू सगळं शांत झालं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मास्तर माझ्याकडे बघत होते आणि मला मान वळवता येत नव्हती. घंटा झाली तेव्हा त्यांनी स्वतःच पडद्याची दोरी सोडली.

त्याच वर्षी बदली मागून ते सोनपेठला गेले. आमची पुन्हा गाठ पडली नाही. शेवटचं बोलणं काय ते स्पर्धेहून परततानाच्या गाडीतलं.

मी मुलांच्या डब्यात चढू लागलो तर ते दारात आडवे उभे. "पाव्हणे, तुमी फुडच्या डब्यात बसा."

गाडी सुटली. मागच्या डब्यातून आधी हशा आला, मग टाळ्या, मग काहीच नाही. चाकांच्या आवाजात एक शब्द लागत नव्हता. पिंगळीला गाडी थांबताच मी उतरून धावलो. डब्यातून एक म्हातारा शेतकरी उतरत होता, उपरण्यानं डोळे पुसत.

"आत काय चाललंय?" मी विचारलं.

"एक म्हातारी हाय जी," तो म्हणाला. "लेकाला मेंढरं इकू नको म्हणायलीय. बघवंना मला, म्हणून आलो खाली. कुटल्या गावची हो ती? तुमाला ठाव हाय का?"

शिट्टी झाली. मी माझ्या डब्याकडे पळालो.