जावंच्या नावावरची लेक

त्या दिवशी लातूरच्या कचेरीत आमी पाच जण होतो. मी, माझी थोरली जाऊ, आमचे मालक, माझी लेक, आन बाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहिणारा एक माणूस. साहेब आत होता, त्याला मी धरत न्हाई. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा न्हाई. मालक वारले, जाऊ बी वारली. अर्ज लिहिणाऱ्याचं मला ठाऊक न्हाई. मी दुसरी शिकलेली बाई, अक्षराला अक्षर जुळवून लिहून राहिले, चुकलं तर सांभाळून घ्या.

जावंला आमी आक्का म्हणायचो. घर तिच्या जिवावर होतं, हे मी आधीच सांगून टाकते. मागून कोणी म्हणायला नको, की ही तिचं चांगलं लपवून राहिली. उजाडायच्या आत दळण, म्हशीची धार, मग रान, आन आल्यावर बारा तोंडाच्या भाकरी. सासूच्या पायाला जखम झालती, ती रोज गरम पाण्यानं धुवायची. 'दमले' म्हणून तिच्या तोंडून कवा ऐकलं न्हाई. मला त्याचाच राग. बाईमाणसानं कवातरी दमावं की! ती दमायची न्हाई, म्हणून मी जरा टेकले की आळशी दिसायचे.

मोठा दुष्काळ पडला तवा माझी लेक दीड महिन्याची होती. आमी दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. आक्काचा धाकटा पोरगा तवा अंगावर पीत होता. मला दूध येईना. कामावर सुकडी वाटायचे, भाजलेल्या पिठाची, गोड. आक्का तिच्यातली मूठभर माझ्या पदरात टाकायची. "खा गं, दूध येईल." मी खायचे. यायचं न्हाई. तीच सुकडी, तेच गढूळ पाणी, तेच ऊन. तिला दोन लेकरांना पुरंल इतकं, आन मला थेंब न्हाई. बाभळीखाली बसून एका मांडीवर तिचं घ्यायची, एका मांडीवर माझं. मी समोर हातोडा घेऊन. एक दिवस बघता बघता बोटावरच मारून घेतलं.

"कुठं ध्यान हाय गं?"

"दगडात," मी म्हणले.

तिच्यामुळं लेक जगली. हे मला तवाही कळत होतं. कळून काय करायचं?

लेक बोलायला लागली, तर आक्काची पोरं म्हणायची तसंच म्हणायला लागली. आक्काला आई, मला काकू. एकत्र घरात असं हुतं, त्याचं कोणाला काही वाटत न्हाई. सगळे हसायचे. मी बी हसायचे. नांदेडला माहेरी नेली, तर तीन दिवस "आईकडं जायचं" म्हणून भोकाड. चौथ्या दिवशी माझी आई म्हणली, "अगं, मग तू कोण हिची? सांभाळायला ठिवलेली बाई का?" भावजया तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्याच दिवशी परतीची बस धरली. घरी आल्यावर लेक माझ्या कडंवरून उडी मारून तिच्याकडं पळाली. आक्का मला म्हणली, "वाळली गं पोर. खायला घातलं न्हाई का?"

शाळेत घालायचं झालं तवा मी खुरपायला गेलते. आक्कानंच हाताला धरून नेली. मास्तरनं विचारलं, पोरगी कोणाची. ही म्हणली, माझी. तिला लेक न्हवती, दोन्ही पोरंच. मास्तर म्हणला, मालकाचं नाव सांगा. आता नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? ही पदर दातात धरून उभी. दारातला शिपाई आमच्याच आळीचा, त्यानं तिच्या मालकाचं नाव सांगून टाकलं. मास्तरनं लिहिलं. झालं. माझी लेक थोरल्या दिराची झाली.

मला हे कळायला चार वर्षं गेली. पंधरा ऑगस्टला मास्तर बक्षिसं वाटत होता. माझ्या लेकीचं नाव घेतलं, त्याच्यापुढं बापाच्या जागी दिराचं. दीर तवा वारून सहा महिने झालते. बायका आक्काकडं बघून म्हणल्या, "घ्या, तुमचीच की!" आक्कानं डोळे पुसले. मालकानं मला कोपर मारलं, गप बस म्हणून.

घरी येऊन मी म्हणले, "आक्का, कागद दुरुस्त करून घेऊ."

"कशाला पैसे घालतीस? पोर काय कागदावर वाढली व्हय?"

तिनं साधंच म्हणलं. मला ते अंगात सुई गेल्यासारखं लागलं. कागदावर न्हाई, मग कशावर वाढली, हे तिलाही माहीत आन मलाही.

तवा आमचा जिल्हा उस्मानाबाद. तिथवर कोण जाणार, म्हणून मी गप बसले. मग लातूर जिल्हा झाला. गावातली माणसं सकाळी जाऊन संध्याकाळी कागद घेऊन येऊ लागली. लेक सातवीला होती. मास्तर म्हणला, शाळा सोडायच्या आत दुरुस्ती हुती, मागून लई अवघड. ज्याच्या नावावर हाय तो वारला, तर त्याच्या बायकोनं येऊन सांगितलं पाहिजे, की पोरगी माझी न्हाई.

आक्का गोठ्यात शेण काढून राहिली होती. मी दारात उभी राहून म्हणले, "माझी लेक मला द्या."

"कोणी नेली?"

"तुमी."

तिनं हातातलं घमेलं खाली ठिवलं. मग म्हणली, "कवा जायाचं?"

"बेस्तरवारी. आन आक्का, मी मागितलं म्हणून तिला सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत."

अर्ज लिहिणारा माणूस गमत्या होता. आक्काला विचारलं, "पोरगी कोणाची?"

"हिची. माझ्या धाकट्या जावंची."

"तुमची न्हाई?"

"न्हाई."

"मग शाळेत कशी काय घातली तुमच्या नावावर?"

"अडाणी बाई मी. चुकलं."

"बरं झालं, पोरगीच बदलली. म्हैस बदलली असती तर कोर्टात जावं लागलं असतं." मालक हसले.

लेक आक्काचा पदर धरून उभी होती. म्हणली, "आई, असं काय बोलून राहिलीस?"

"खरं तेच बोलून राहिले. ही तुझी आई. हिला आई म्हण." आन पदर सोडवून घेतला. अंगठा दिला, शाई केसाला पुसली, आन पलीकडं जाऊन नळाखाली किती तरी येळ तोंड धूत बसली.

बसमध्ये लेक तिच्याकडं बसली न्हाई, माझ्याकडं बी न्हाई. बापाजवळ बसली. त्या दिवसापासून मला आई म्हणायला लागली. आक्काला काहीच म्हणंना. हाक मारायची येळ आली की नुसती जवळ जाऊन उभी राहायची.

आळीतल्या बायकांनी तिच्या कानात घातलं. आक्काला तिची दोन पोरं, नवरा गेलेला, उद्या हिचं लग्न अंगावर पडंल म्हणून झटकून टाकली. लेकीनं मला विचारलं, "खरं का गं?" तवा मला सांगता आलं असतं. मी म्हणले, "मला काय ठाऊक तिच्या मनातलं."

तिनं ते खरं धरलं. लग्न झालं, लातूरला नांदायला गेली. माझ्यासाठी लुगडं आणायची, आक्कासाठी न्हाई. आक्का माझं लुगडं हातात घेऊन म्हणायची, "पोत चांगलं हाय." मला बरं वाटायचं. काय लपवू? लई बरं वाटायचं.

आक्का मागच्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या दिवसात लेक येऊन उंबऱ्यावर उभी राहिली, पाहुण्यासारखी. आक्कानं तिला एवढंच विचारलं, "जेवलीस का?" तिनं मान हलवली. आक्कानं पोटातलं तसंच नेलं, मी सांगू नका म्हणले होते म्हणून. मातीला सारं गाव आलतं. म्हातारे बाप्ये रडत होते. मी बसून बघत होते आन माझ्या मनात काय, तर माझ्या मागं एवढी माणसं येतील का. मेलेल्या बाईचाही मला हेवा.

लेकीच्या डोळ्याला मातर पाणी आलं न्हाई. ते मी बघितलं, आन तवापासून भाकरी गोड लागत न्हाई.

माझ्यानं तोंडानं सांगवत न्हाई. चार बार ती आली, चारी बार मी चहा ठिवला आन दुसरंच बोलले. तर जो कोणी हे वाचील, त्यानं एवढं करा. हा कागद माझ्या लेकीला वाचून दाखवा. मी जित्ती असंन तर बी दाखवा.