अर्डेलाने पुन्हा जमवलेला बुधला-बँड

अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराच्या पश्चिम भागात अर्डेला व्हिटलोला लोक ओळखत ते लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली म्हणून. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत, पण जीभ कधी दमत नसे. हीच बाई तरुणपणी कपडे घासायची पत्र्याची फळी गळ्यात अडकवून, बोटांत शिवणाची अंगुस्तानं चढवून ती बडवत नदीवरच्या बोटी दणाणून सोडायची, हे नव्या पोरांना सांगूनही खरं वाटलं नसतं.

चौघांचा बँड होता तो. क्लेम रकर फिडलवर, लाँझो बँजोवर, अर्डेला फळीवर आणि होसिया टँडी बुधल्यावर. मातीचा रिकामा बुधला ओठांशी धरून होसिया असा फुंकायचा, की बैल हंबरावा तसा खर्ज निघायचा. मग मंदी आली, बोटींवरचे नाच बंद पडले, चौघं चार दिशांना पांगले. होसियाने तर दारू सोडली, भर चर्चमध्ये बुधला फोडला आणि पुढे तिथलाच डीकन, म्हणजे धर्मगुरूचा मदतनीस, झाला.

तीसएक वर्षांनी लाँझो गेला. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले, तेव्हा अर्डेलाने हातातली कोंबडीची तंगडी ताटात आपटली.

"लाँझोला पोचवताना एक तार वाजली नाही रे! लाज वाटते का कुणाला?"

"माझी बोटं वाकडी झालीत, अर्डेला," क्लेम पुटपुटला.

"सूर पहिल्यापासूनच वाकडे होते तुझे. कुणी तक्रार केली होती?"

क्लेमला हसू आवरेना. होसिया मात्र हसला नाही. "मी देवाला शब्द दिलाय," म्हणाला.

"दारू सोडायचा दिलास. फुंकणं सोडायचा कधी दिलास?"

होसिया उठून बाहेर गेला. अर्डेलाही मागोमाग गेली. पायरीवर बसून तो धापा टाकत होता. तंबाखूच्या गोदामातल्या धुळीने त्याची छाती पार पोखरली होती.

"देवाचं निमित्त सांगतो मी," तो हळूच म्हणाला. "खरं म्हणजे दमच उरला नाही गं. लोकांसमोर फजिती नको."

अर्डेलाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी गेली. पण शनिवारी ती काकवीचा रिकामा बुधला धुऊन, फळी काखोटीला मारून त्याच्या ओसरीवर हजर!

"दोनच फुंका मार. बाकी मी सांभाळते."

दोन फुंकांत होसियाला भोवळ आली. त्याची बायको व्हायोला पाणी घेऊन धावली, अर्डेलाला चार शब्द सुनावले. अर्डेलाने ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आली, क्लेमलाही ओढत घेऊन. हळूहळू दोनाच्या चार फुंका झाल्या, आणि व्हायोलाच खुर्च्या मांडून ठेवू लागली.

उन्हाळ्यात चर्चची सहल नदीकाठी गेली. तिघांनी वाद्यं आणलेली पाहून पास्टरने भुवया उंचावल्या, पण नाही म्हटलं नाही. तिघांनी सुरुवात केली. होसियाचा खर्ज ऐकून म्हातारे ताट टाकून उठले. पण दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्याचा श्वास तुटला. बुधला खाली आला. चेहरा राखेसारखा.

अर्डेलाने ठेका सोडला नाही. फळी बडवतच ती त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली आणि गर्दीकडे वळून ओरडली, "बघताय काय ठोंब्यांसारखे? याचा खर्ज तुम्ही धरा!"

आधी व्हायोलाने धरला, तोंडाने, "हूं हूं" करत. मग म्हाताऱ्या बायकांनी, मग हिरवळीवरच्या सगळ्यांनी. होसियाने डोळे मिटून छाती भरून घेतली आणि शेवटच्या कडव्यात तो पुन्हा शिरला.

तेव्हापासून पद्धतच पडली. होसिया थोडं फुंकायचा, थोडं थांबायचा, मधली जागा लोक भरायचे. नदीपलीकडची एक शाळामास्तरीण बँजो घेऊन सामील झाली. लग्नांत वाजवायची बोलावणी आली तशी अर्डेलाने लॉन्ड्रीच्या मालकाला बजावलं, "शनिवारी मी मिळायची नाही. कपडे चुरगळलेलेच घाला."