काकांच्या रिव्हॉल्व्हरची सहा घरं

सुधाकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लायब्ररीबाहेर पत्रकं वाटत होते. घरात बंदूक ठेवू नका, असं सांगणारी पत्रकं. मजकूर माझाच होता. नलिनीकाकू म्हणाल्या, "अगं, काका गेले. सकाळी चालायला गेले होते, ट्रेलवरच पडले." मग म्हणाल्या, "तू ये. आणि... त्यांच्या त्या पेटीचं काय करायचं गं?" पत्रकं गाडीच्या मागच्या सीटवर टाकून मी मॉरिसव्हिलला निघाले. त्या पंधरा-वीस मिनिटांत मला रडू आलं नाही. मी सारखा त्या पेटीचाच विचार करत होते. त्याची लाज अजून गेलेली नाही.

पेटीत दोन रिव्हॉल्व्हरं होती, दिसायला अगदी एकसारखी. दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरून इटलीत केलेलं एक. ते खरं, गोळी झाडणारं. दुसरं नुसतं शोभेचं. त्याचं चक्र फिरे, घोडा मागे ओढता येई, पण त्यातून काही सुटत नसे. ओळखू यावं म्हणून शोभेच्या रिव्हॉल्व्हरला काकांनी देवघरातला पिवळा दोरा बांधला होता. काका मूळचे साताऱ्याचे, मशीन डिझाइनमधले इंजिनीयर. रिटायर झाल्यावर बाकीचे काका लोक ब्रिज खेळायला लागले, आणि हे एका काउबॉय नेमबाजी क्लबात जाऊ लागले. तिथे रुंद काठाची हॅट घालावी लागते आणि प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं. काकांनी 'सातारा किड' हे नाव घेतलं. क्लबातला त्यांचा दोस्त वॉल्टर त्यांना नुसतं 'सातारा' म्हणायचा, तेही शेवटच्या अक्षरावर भलताच जोर देऊन, आणि काकांना ते भारी आवडायचं.

माझा जन्म इथला, पण मी वाढले नागपुरात. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा करायची म्हणजे आधी खुर्चीवरचे पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. बाबा पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. नोकरीसाठी इकडे परत आले तेव्हा पहिले चार महिने काका-काकूंच्या वरच्या खोलीत राहिले, आणि पहिल्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर रिव्हॉल्व्हर साफ करणारे काका पाहून मी ताट घेऊन किचनमध्ये निघून गेले. काकांना राग आला नाही. त्यांनी टेबलावरूनच हाक मारली, "बाईसाहेब, निषेध नोंदवला. आता आमटी वाढून घ्या."

पुढे पाच वर्षं, दर रविवारी, आम्ही भांडलो. मी विचारायचे, शिकल्यासवरल्या माणसाला यात एवढं काय दिसतं? ते म्हणायचे, "हे बघ, याचा घोडा प्रत्येक गोळीला अंगठ्यानं मागे ओढावा लागतो. नुसता चाप दाबून काही होत नाही. प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं." मी म्हणायचे, "काका, मरायला एकच गोळी लागते. ठरवायलाही एकदाच लागतं." ते हसायचे आणि घोडा मागे ओढायचे. कट्, कट्, कट्, कट्. चार आवाज, एकाहून एक खोल, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखे. खरं सांगते, तो आवाज मलाही आवडायचा. पोलाद, अक्रोडाची मूठ, हाताला कळेल अशी साधी यंत्ररचना... तिचं देखणेपण मी कधीच नाकारलं नाही. देखण्या वस्तूला घरात जागा सहज मिळते, मला भीती त्याचीच वाटते.

काकांची एक पद्धत होती. घोडा अर्धा मागे घ्यायचा, बाजूची छोटी झडप उघडायची, आणि चक्र गोळीचं एकेक घर फिरवत, झडपेतून ते रिकामं आहे ना हे बघत मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग पुन्हा एकदा, पहिल्यापासून. पेटीतून काढताना आणि पेटीत ठेवताना, दोन्ही वेळा. क्लबातसुद्धा सहांपैकी पाचच घरं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, हा जुना नियम. खंडेनवमीला त्यांच्या पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, काकूंचं शिलाई मशीन, आणि मधोमध रिव्हॉल्व्हर असे. काकू हळद-कुंकू घेऊन उभ्या आणि काका मोजतायत. "मोजलंत का? माझा भात गार होतोय," काकू म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी काका दोन तास ब्रशनं कुंकू काढत बसायचे. "पोलादाला कुंकू लावतात का कोणी, चिकटून बसतं," अशी कुरकुर चालायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमची शेवटची भेट ऑगस्टमधल्या एका रविवारची. काका क्लबातून नुकतेच आले होते, पेटी टेबलावर उघडी होती. ते म्हणाले, "जरा मोजून देतेस का? माझं मोजणं हल्ली..." आणि थांबले. मला वाटलं, हा माझ्या हातात बंदूक देण्याचा नवा डाव. मी म्हणाले, "मी त्याला हात लावणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व." वर दहा मिनिटं भाषण ठोकलं. जबाबदार मालक ही कल्पनाच कशी फसवी आहे, वगैरे वगैरे. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "बरं बाई," म्हणाले आणि पेटी बंद केली. ते हल्ली चष्मा फ्रिजमध्ये विसरत होते, गॅस दोनदा बघत होते, हे मला दिसत होतं. पण ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

काका गेल्यावर मी काकूंना तीनदा म्हटलं की पेटी घराबाहेर काढू या. "दसरा होऊ दे गं," एवढंच त्या म्हणायच्या. खंडेनवमीला त्यांची मुलगी मीरा ईडन प्रेरीहून तिच्या चार वर्षांच्या जुळ्या मुलींना घेऊन आली होती. मी दुपारी जेवायला पोचले तर पाट मांडलेला, झेंडूची फुलं वाहिलेली, मधोमध रिव्हॉल्व्हर, आणि एक मुलगी त्याच्या मुठीला बोटानं कुंकू लावतेय. दुसरी नळीत फूल खोचत होती. मला दोरा दिसला नाही.

"काकू, हे कुठलं?"

"अगं, खोटं आहे ते. खरं काढीन का मी पोरींसमोर?"

"दोरा कुठाय?"

"विटला होता. पेटी पुसताना मीच काढला असेल..." बोलता बोलता त्यांनी पाटाकडे पाहिलं.

मी मुलींना म्हटलं, "दोघी आईकडे जा. आत्ता."

"बट व्हाय?" त्यातली एक म्हणाली. मीरानं काही न विचारता दोघींना उचललं आणि मागच्या अंगणात नेलं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वस्तूला हात लावला. कसं करायचं ते मला पाठ होतं. पाच वर्षं तोंड फिरवून ऐकलं होतं ना. नळी भिंतीकडे, घोडा अर्धा मागे, झडप उघडी. एक. दोन. तीन. चार. पाचव्या घरात पितळेची गोल चकती चमकली.

ते काडतूस बाहेर काढताना माझ्या हातून निसटलं आणि झेंडूच्या फुलांत पडलं. काकू जमिनीवर बसल्या. त्या म्हणाल्या, "ते नेहमी मोजायचे गं. नेहमी मोजायचे." माझं प्रत्येक पत्रक खरं ठरलं होतं, आणि त्या क्षणी मला एवढंच आठवत होतं की त्यांनी मला मोजायला सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी वॉल्टर आला आणि खरं रिव्हॉल्व्हर कायमचं घेऊन गेला. जाताना दारात त्यानं हॅट काढली. माझं मत बदललेलं नाही. मी अजून त्याच लायब्ररीबाहेर उभी राहते. पण आता समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत पत्रक पुढे करत नाही.

शोभेचं रिव्हॉल्व्हर काकूंनी देवघराखालच्या कप्प्यात ठेवलंय, नवा पिवळा दोरा बांधून. त्यातून काही सुटत नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे. तरी परवा रविवारी ताटं वाढून झाल्यावर काकूंनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "मोजलंस का?" मी उठले, झडप उघडली आणि मोठ्यानं मोजलं. सहाही रिकामी. काकू भाताला हात लावेनात... मी पुन्हा एकदा, पहिल्यापासून मोजलं.