काठमांडूचा केर

नव्वदच्या दशकात कधीतरी विट्याहून कराडला जाताना एसटीत ती शेजारी बसली होती. माहेरपण आटपून काठमांडूला निघालेली. मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा. तोंड सारखं सुरू. शेंगा फोडत होती, पण टरफलं खिडकीबाहेर न टाकता पदरात जमवत होती.

"मालकांचा सोनं गाळायचा धंदा हाय तितं. लगीन हून गेले, तर पयल्याच दिवशी मी पाटं उठून दुकान झाडलं आन् केर दिला रस्त्यावर फेकून. मालक बोंबलतच भाईर आले. आवं ताई, त्या केरातच सोन्याचा कीस असतोय, मला काय ठावं! मला रडूच फुटलं. भाषा येत न्हाई, वळख न्हाई. पर समोरच्या नेपाळी बाया झाडू घिऊन धावल्या. आख्खी गल्ली झाडली आमी! तवापास्नं लय जीव लावत्यात. ह्ये पीठ त्येंच्यासाठीच. भाकरी लय आवडती त्येंस्नी."

"सोनं मिळालं का सगळं?"

"कुटलं वो! थोडं ऱ्हायलंच त्या मातीत." ती खळखळून हसली.

कराड आलं. टरफलांची पुरचुंडी सांभाळत ती घाईनं उठली.

"चला ताई, गाडी गाठायची हाय. कवा एकदा घरला पोचतीय आसं झालंय!"