माझ्या पातेल्यातलं भेकर

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. मलकापूरजवळ एका शेतघरावर पार्टीचा स्वयंपाक होता. माझं मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं आणि त्यात मटण पडलं होतं. ते मी टाकलेलं नव्हतं.

मी आचारी. शाळा तिसरीपर्यंत. पण जत्रा असो, लग्न असो, माझ्या रश्श्याला कुणी नाव ठेवलं नाही. आमच्याकडं रीत अशी, की मटण पार्टीवाल्यानं आणायचं. भांडी आणि मसाला आचाऱ्याचा. मी पलीकडं खोबरं भाजत होतो, तोवर पार्टीवाल्याच्या गड्यानं टब आणून पातेल्यात ओतला.

मी झाकण काढलं. बकऱ्याच्या मटणाला पांढरी चरबी असते. ह्याला चरबीचा पत्ता नव्हता. रंग काळपट. टबाच्या तळाला एक पाय राहिला होता. बारीक खूर, वर तांबूस केस. भेकराचा पाय. भेकर म्हणजे आमच्या डोंगरातलं लहान हरीण. कुत्र्यागत भुंकतं. त्याला मारायला कायद्यानं बंदी आहे.

पार्टीवाला रस्त्याची कंत्राटं घ्यायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. माझी निम्मी कामं त्याच्याकडनं यायची.

"दादा, ह्ये बकरं न्हाय."

"मामा, तुमाला शिजवायला बोलवलंय. वळखायला न्हाय."

"भेकर हाय ह्ये. कोर्टात केस हुतीया ह्याची."

"मारलं आमी, खाणार आमी. तुमाला कसली केस?"

"पातेलं माझं हाय की."

सगळे हसले. खुर्चीवरचा एक पावणा म्हणाला, "मामा, म्हातारपणी भ्यालासा व्हय?"

भ्यायचा प्रश्न नव्हता. जंगलखात्याच्या गार्ड मॅडम आमच्या गावात सभा घेऊन सांगून गेल्या होत्या. मारणारा, शिजवणारा, खाणारा, तिघंही गुन्ह्यात. भेकर तर मेलंच होतं, ते काय मी उठवणार नव्हतो. पण आचारी म्हणून आयुष्य काढलं आणि शेवटी चोरीच्या शिकारीत नाव लागलं, हे मला चालणार नव्हतं.

मी चुलीतली लाकडं ओढली. वर पाणी मारलं.

"मॅडमना फोन लावतोय. तोंडावर सांगून लावतोय, मागनं नको."

दादा उठला. "लावा. उद्यापास्नं ह्या तालुक्यात तुमाला चूल कोण पेटवू देतंय, बघतो."

"बघा."

फोन लावला आणि पातेल्याला टेकून बसलो. गडी पातेलं पालथं करायला आला. मी हातभर लांबीचा झारा उचलला. तो मागं सरला. पावण्यांच्या मोटरसायकली एकेक करून सुरू झाल्या. मघाचा पावणा सगळ्यात आधी गेला.

जंगलखात्याची गाडी आली. गार्ड मॅडमनी विचारलं, "शिजवलं कुणी?"

"कुणीच न्हाय. कच्चं हाय, बघा."

पंचनामा झाला. मटणाचा नमुना तपासायला बाटलीत गेला. दादा आणि गडी गाडीत बसले. मग जंगलखात्याच्या दोघांनी माझं पातेलं उचललं.

"ते कुठं?"

"मुद्देमाल आहे, मामा." मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यातली वस्तू. ती कोर्टात दाखवायची असते.

"मग घासून तरी देतो."

"घासायचं नाही! तसंच पाहिजे."

"उद्या कोडोलीत बारसं हाय माझं."

"तुमचं?" मॅडम हसल्या. "पातेल्यासाठी कोर्टात अर्ज करा."

मी आरोपी झालो नाही, साक्षीदार झालो. केस अजून चालू आहे. पातेलं अजून तिकडंच आहे. दादाची कामं बंद झाली, ती झालीच. तेव्हापासून एक धडा घेतला. मटण कुणीही आणू दे, ते पातेल्यात आपल्या डोळ्यांदेखत पडलं पाहिजे.

पातेलं नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेव्हण्याच्या दारात गेलो. तोही आचारी. जत्रेच्या एका कामावरनं आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि मी त्याची पायरी चढणार नाही म्हटलेलं. तो दात घासत होता.

"पातेलं पायजे."

त्यानं चूळ भरली. बातमी पोचली होती. "न्या. पर दाजी, माझ्या पातेल्यात बकरंच शिजवा."

"बारशाला बकरं कोण शिजवतंय रं?" असं म्हणून मी पातेलं डोक्यावर घेतलं आणि कोडोलीची गाडी धरली.