हलव्याचा काटा
साखरेच्या गरम पाकाचा वास आला की मी अजूनही गाझियाबादच्या त्या गच्चीवर पोचते. अकरावीतला जानेवारी, धुक्यातून झिरपणारं पिवळट ऊन, आणि शेगडीवर परात ठेवून संक्रांतीचा हलवा करणारी आई. "इथल्या थंडीत काटा काय छान येतो," ती म्हणायची. फिजिक्सचे सर सर्रास इंटिग्रेशन वापरत होते आणि मॅथ्समध्ये ते थेट बारावीत येणार होतं. फिजिक्समध्येच ते झेपेना, म्हणून उद्या शाळेत सांगून मॅथ्स सोडायचं मी ठरवलं होतं. त्याच विचारात मी पळीभर पाक एकदम तिळांवर ओतला आणि त्यांचा गोळा झाला. आई हसली. "अगं, थेंबभरच घाल. तो सुकला की पुढचा." मग माझी बोटं कोमट तिळांतून फिरत राहिली. एकेका थेंबाचा थर डोळ्यांना दिसतही नव्हता, तरी ऊन कलेपर्यंत प्रत्येक तीळ पांढरा, काटेरी झाला. न दिसणाऱ्या थरांची हीच बेरीज तर सर फळ्यावर मांडत होते! "आई, इंटिग्रेशन!" मी ओरडले. "बिल्कुल," ती म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं. "पण हात थांबवू नकोस." मॅथ्स मी सोडलं नाही; आज तेच शिकवते, आणि माझ्या वर्गातली मुलं इंटिग्रेशनपाशी अडली, की त्यांना आईचंच वाक्य सांगते: "हात थांबवू नका."